वरच्या मजल्यावरची बुरशीवाली

"लंग में फंगस है, माताजी," डॉक्टर म्हणाले. "नौ दिन से दवा चल रही है, पर धब्बा बढ़ गया है." काचेपलीकडे माझा मुलगा पडला होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि अंगात ताप. सून भिंतीला धरून खाली बसली. मी उभीच राहिले, कारण माझे गुडघे वाकत नाहीत. आणि माझ्या शेजारी उभी असलेली आमच्या वरच्या मजल्यावरची बाई पुढे सरकून डॉक्टरांना विचारते, "कौन सी?" आंबेवाल्याला विचारावं तसं, दसहरी की लंगडा. वाईट बातमी ऐकून रडणारी माणसं मी पाहिली, देवाला शिव्या देणारी पाहिली, डॉक्टरच्या अंगावर धावून जाणारीही पाहिली. पण दारात आलेल्या मरणाला नाव-गाव विचारणारी बाई अख्ख्या दिल्लीत ही एकच. मी सत्तर वर्षं इथे काढली आहेत, तेव्हा हे विचार करून लिहिते आहे.

डॉक्टर म्हणाले, छातीतून नमुना काढलाय, तो उगवून यायला आणखी दिवस लागतील, तेव्हा नाव कळेल. ते आत गेले. मग ती माझ्याकडे वळली. "काकू, दादा घरी होते तेव्हा त्यांच्या खोलीत कूलर लावला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

ते खोटं होतं. का बोलले ते कळायला आधी ही बाई काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे.

ती फरीदाबादला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली त्याला सहा वर्षं झाली. लातूरकडची, एकटी, पन्नाशीला टेकलेली, आणि केस असे की बहुतेक स्वतःच कापत असावी, तेही आरशाशिवाय. नवीन शेजारीण पहिल्या दिवशी विरजण मागायला येते. ही आली आणि म्हणाली, "काकू, मी वर राहते. तुमच्याकडे काही खराब झालंय का?" मी म्हटलं, "माझ्या घरात काही खराब होत नाही." तिचा चेहरा असा पडला की भिकाऱ्याला हाकलल्यासारखं मलाच वाटलं. मग तिने लोणच्याची बरणी उघडायची परवानगी मागितली, नाक घालून हुंगली, आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "अरेरे. उत्तम आहे." माझ्या लोणच्याला आजवर खूप लोकांनी चांगलं म्हटलं, पण इतक्या दुःखाने कुणी म्हटलं नाही.

ती मानेसरला औषधांच्या एका कंपनीत होती आणि बुरशी मारायचं औषध शोधायचं तिचं काम होतं. बुरशी म्हणजे आपल्याला पावावरची आठवते. तिच्याकडून कळलं की अंगात ताकद नसलेल्या माणसाच्या छातीत, रक्तात, डोक्यातसुद्धा ती उगवते आणि माणूस नेते. मी विचारलं, "मग प्रयोगशाळेत बुरशी नाही का मिळत? लोकांच्या मोऱ्या कशाला खरवडतेस?" तर म्हणाली, "तिथली पाळीव असते, काकू. पिढ्यान् पिढ्या बशीत वाढलेली. औषध दाखवलं की मरते. मला रानटी हवी." त्या रानटीपायी ती कानात घालायच्या काडीने सगळ्या इमारतीच्या भिंती पुसत फिरायची. गच्चीवरची टाकी, जिन्यातली ओल, कुणाच्या कूलरच्या जाळीत भरलेलं ओलं गवत, कुणाच्या देवघरातला विसरलेला नारळ. चौकीदाराची खात्री होती की बाई करणी करते. तो तिला फार आदराने गेट उघडायचा. प्रत्येक नमुना इवल्याशा डबीत, आणि डबीवर घरमालकाचं नाव. एकदा मी डबी वाचली, "काकू, पहिला मजला, कूलर." मी भांडायला वर गेले. माझं नाव बुरशीवर! ती म्हणाली, "मग काय लिहू? हिचा पत्ता तुमचाच आहे."

या डब्या घरी ठेवायच्या नाहीत हा मात्र तिचा कडक नियम. गोळा केल्या की त्याच दिवशी किंवा सकाळी कंपनीच्या बसने तिकडे. मांडीवर डबा घेऊन बसायची. नवीन आलेल्या एका इंजिनियरने विचारलं, "मॅडम, टिफिन में क्या है?" आणि हिने झाकण उघडून दाखवलं. तेव्हापासून तिच्या शेजारची सीट रिकामी. ती खूश होती. "काकू, बिल्कुल पाय पसरून जाता येतं यार." मला यार म्हणणारी ती एकटीच. मी दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. इथे वाढलेली माझी नातसुद्धा इतकं वाईट बोलत नाही.

रविवारी ती माझ्याकडे जेवायची. सण कुठला हे तिला ठाऊक नसायचं. पुरणपोळी वाढली की "आज काय आहे?" असं विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरी मागायची. एका रविवारी मी सहज म्हटलं, एवढी वर्षं झाली, एक बुरशी मारता येत नाही तुम्हाला? तिने घास खाली ठेवला. "काकू, इतर जंतू परके असतात. परक्याला मारायला हजार वाटा. बुरशी आपल्या भाऊबंदांतली आहे. तिची घडण थोडीफार आपल्यासारखी. जे तिला मारतं ते आपल्यालाही लागतं. चोर बाहेरचा असला तर काठी घालावी. घरातलाच असला तर काठी कुठे बसेल सांगता येत नाही." मी चौथीपर्यंत शिकले, पहाडगंजच्या मराठी शाळेत. एवढं मला समजलं, कारण भाऊबंदकी मी पाहिली आहे.

तिचं स्वतःचं एक औषध होतं. अकरा वर्षं त्याच्यामागे होती. एका रविवारी आली, पिठलं-भाकरी खाल्ली आणि ठेचा मागताना म्हणाली, "आमचं औषध बंद झालं. उंदीर बुरशीतून बरे झाले, पण त्यांचं लिव्हर गेलं." मी विचारलं, मग आता? "आता दुसरं." ठेचा तिखट होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते ठेच्याच्या नावावर टाकलं.

आता कूलर. मुलगा आजारी पडण्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिने आमच्या कूलरच्या गवतावरची बुरशी नेली होती. महिन्याभराने आली ती अशी आनंदात, की जणू माझ्या घरात पाळणा हलला. "काकू, तुमची फार जिद्दी निघाली! रुग्णांना पहिलं जे औषध देतात त्याला दादच देत नाही. शेतात फवारे मारतात ना, त्यातच शिकून येतात या. छान आहे. ते गवत फेकून द्या हं, लगेच." मी हो म्हटलं. ते गवत एकच उन्हाळा वापरलेलं होतं. एक उन्हाळा वापरलेली वस्तू मी आजवर फेकलेली नाही. उन्हात वाळवलं, पोत्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं.

पुढच्या वर्षी माझ्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याच्या औषधांनी कॅन्सरबरोबर अंगातली सगळी ताकद मारली. मे महिन्यात त्याला थोडे दिवस घरी सोडलं आणि एक कागद दिला: मास्क लावा, उकळलेलं पाणी द्या, कच्चं काही नको, घरात कुंड्या नकोत. मी तुळससुद्धा खाली अंगणात नेऊन ठेवली. कागदावर होतं ते सगळं केलं. कूलर कागदावर नव्हता. एसीने त्याचे सांधे धरतात असं मला वाटायचं, आणि तो लहानपणापासून कूलरच्या वाऱ्यातच झोपणारा. सून ऑफिसला गेल्यावर मी माळ्यावरून पोतं काढलं, गवत गॅलरीत झटकलं, कूलरमध्ये भरलं आणि त्याच्या उशाशी लावला. तो म्हणाला, "आई, मस्त वास येतोय." सून यायच्या आत मी कूलर परत बाहेर ढकलायची, कारण तिला एसी हवा असायचा आणि मला वाद नको होता. असे पाच दिवस. वरची त्या वेळी गावी गेली होती, भावाच्या घरी लग्न होतं. असती तर जिन्यातूनच वास ओळखला असता.

मग ताप, मग हॉस्पिटल. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं होतं की घरात ओल, बांधकाम, कूलर काही आहे का. सून म्हणाली, एसी आहे. मी गप्प बसले. बुरशी हा शब्द ऐकला तेव्हाही गप्प बसले. नऊ दिवस मी त्या कॉरिडॉरमध्ये गप्प बसून होते. आणि दहाव्या दिवशी गावाहून थेट स्टेशनवरून ही बॅग घेऊन आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, कूलर लावला होता का. मला वाटलं, ही मला सुनेसमोर उघडी पाडते आहे. म्हणून नाही म्हटलं.

तिने माझा दंड धरला. जोरात धरला. "काकू, माझ्याकडे बघा. दोष नंतर वाटून घेऊ. मला आत्ता फक्त उत्तर पाहिजे. ती तुमच्या कूलरमधली असेल तर हे औषध तिला चालत नाही. मला ठाऊक आहे चालत नाही, माझ्याकडे लेखी आहे. आणि आत तेच औषध चालू आहे."

सून खाली बसल्या बसल्या वर बघत होती.

"लावला होता," मी म्हटलं. "गेल्या वर्षीचंच गवत. पाच दिवस."

सून उठून काचेपाशी गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वरचीला तर वेळच नव्हता. बॅग माझ्या पायाशी टाकून ती मानेसरला गेली आणि उन्हं कलायच्या आत गेल्या वर्षीचा कागद घेऊन परत आली. वर माझं नाव होतं: काकू, पहिला मजला, कूलर. डॉक्टरांनी तो उलटसुलट पाहिला. "मॅडम, कूलर की रिपोर्ट पर मैं पेशंट की दवा नहीं बदल सकता."

"बिल्कुल नहीं बदल सकते," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाली, "पर शक तो कर सकते हैं. आपकी प्लेट में उगने तक आप रुकेंगे. उसके सीने में वो रुकेगी क्या?"

डॉक्टर तरुण होते. कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. तासाभराने दोघे आले, तिला आत घेऊन बसले, आणि त्या संध्याकाळी औषध बदललं. आता दिलेलं औषध, ती म्हणाली, खरं तर फार जुनं आणि दांडगट. बुरशीला मारतं, पण किडन्या सोलून काढतं आणि माणसाला थंडीने हलवतं. कुणीतरी डोकं लढवून त्याला चरबीच्या इवल्या इवल्या गोळ्यांत गुंडाळलं, म्हणून आता थोडं सुसह्य झालंय. "तू गुंडाळलंस?" "छे. दुसऱ्या कुणीतरी. हुशार होते ते लोक." मत्सर असा तिच्या आवाजात नव्हता. पिवळ्या सलाईनकडे ती अशी बघत बसली, की जणू दुसऱ्याच्या घरची सुगरण बघते आहे.

ताप उतरला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. मुलगा हुडहुडीने खाट हलवत होता आणि लघवी कमी झाली होती. तिसऱ्या दिवशी मी तिला जिन्याजवळ घेऊन गेले आणि म्हटलं, "तुझं ते औषध दे."

तिला लगेच कळलं. "नाही, काकू."

"उंदीर बरे झाले होते ना?"

"लिव्हर गेलं त्यांचं."

"लिव्हरचं पुढचं पुढे बघू. कंपनीत पडलं असेल थोडंफार. कुणाला कळतंय? मी बोलणार नाही. गप्प बसायला मला येतं, पाहिलंस ना तू."

"काकू, माणसाला ते कधी दिलेलं नाही. किती द्यायचं तेही कुणाला माहीत नाही."

मग मी ते बोलले. तोंडातून गेलं ते गेलं. "तुझं स्वतःचं मूल असतं तर?"

ती तिथेच उभी राहिली. "तर बिल्कुल दिलं नसतं," म्हणाली. "अकरा वर्षं मी त्याच्याबरोबर काढलीत, काकू. मला त्याचा स्वभाव ठाऊक आहे." आणि दोन चहा घेऊन आली. एक माझ्या हातात दिला. मी तो प्यायले.

त्या दिवसांत ती सुट्टी टाकून आमच्याबरोबर बसली. बसली म्हणायचं, पण कॉरिडॉरमधल्या एसीच्या जाळीखाली स्टूल लावून ती काडी फिरवताना गार्डने तिला पकडलं. "क्या कर रही हो, मॅडम?" "देख रही हूँ कि आपके यहाँ कौन रहता है." तिला बाहेर काढायला निघाले तेव्हा मोठे डॉक्टर येऊन म्हणाले, रहने दो, आणि हळूच विचारलं, "कुछ मिला?" मी त्या अख्ख्या महिन्यात तेवढीच एकदा हसले.

शेजारच्या खाटेवर मानेसरच्या गाड्यांच्या कारखान्यातला एक माणूस होता, माझ्या मुलापेक्षा लहान. त्यालाही रक्ताचाच आजार आणि त्याच्याही छातीत बुरशी. त्याची बायको आमचं सगळं ऐकायची. एक दिवस ती वरचीजवळ आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "दीदी, हमारे वाले की कौन सी है?" वरचीने तिला हाताला धरून बाकावर बसवलं. मग म्हणाली, "पता नहीं, बहन. तुम्हारा घर मैंने देखा नहीं." त्याच दुपारी शेअर ऑटोने त्यांच्या खोलीवर गेली, भिंती पुसून आली. पण पुसल्यावर ती उगवायला दिवस लागतात, आणि कुठलं औषध तिला चालतं ते कळायला आणखी दिवस. दोन्ही औषधं देऊन पाहिली डॉक्टरांनी. त्यांच्याकडे तरी आणखी कितीशी होती?

सहाव्या दिवशी सकाळी माझ्या मुलाचा ताप उतरला. सून आतून आली आणि माझ्याजवळ बसली. कूलरविषयी ती त्या दिवशी बोलली नाही, आजवर बोललेली नाही. नमुन्याचा कागद आला, त्यात बुरशी तीच निघाली, पहिल्या औषधाला न जुमानणारी. मी वरचीला विचारलं, "म्हणजे माझ्या कूलरमधलीच ना? सरळ सांग." ती म्हणाली, "घराणं तेच. पण तीच का, ते सांगता येत नाही. हवेतून कुठूनही आली असेल." मी म्हटलं, म्हणजे माझी चूक नाही? "ते मी कुठे म्हटलं?" म्हणाली. अशी ती. दोष पुरता देणार नाही, पुरता काढणारही नाही. जेवढं माहीत तेवढंच बोलणार. माझ्या आयुष्यात मला खोटं समाधान देणारे पुष्कळ भेटले. त्यांची नावंसुद्धा आता आठवत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात कंपनीने बुरशीचं खातं बंद केलं. ती हैदराबादला गेली, तिथे कुणीतरी याच कामाला माणसं घेत होतं. जायच्या दिवशी निरोप घ्यायला आली, सामान खाली टेम्पोत, आणि दारात उभी राहून सवयीने म्हणाली, "काकू, काही खराब झालंय का?"

मी तिला जिन्यात नेलं. मीटरच्या पेटीच्या वर, घरापासून लांब, मी एक डबा ठेवला होता, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून. आत अर्धी भाकरी होती. बारा दिवस ठेवली होती. माझ्या घरात खराब झालेली पहिली वस्तू, आणि तीही मुद्दाम. तिने पट्टी काढली नाही. डबा उजेडात धरला, काचेसारख्या प्लास्टिकमधून आत पाहिलं. हिरवी, काळी आणि थोडी गुलाबी होती. डबा सगळ्या बाजूंनी फिरवला.

"कुठली आहे?" मी विचारलं.

"पाहून सांगते," ती म्हणाली. खिशातून पेन काढून झाकणावर काकू असं लिहिलं, डबा मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसली आणि गेली. अजून कळवलेलं नाही. आता रविवारी मी एक भाकरी कमी थापते.

माझा मुलगा जगला. त्याच्या किडन्या थोड्या अशक्त आहेत, आणि तो कामावर जातो. शेजारच्या खाटेवरचा माणूस जगला नाही.